पंखाच्या हाडाची हाक

चिखलदऱ्यास पावसाळ्यांत येणारा पाहुणा बहुधा धुकें पाहावयास येतो, आणि धुक्यामुळें दुसरें कांहींच दिसलें नाहीं अशी तक्रार करीत परतवाड्याची मोटार धरतो. गेल्या आषाढांत आमच्याकडे आलेला पाहुणा निराळा होता. तो आमच्या पुतण्याचा मुलगा. वय वर्षें सतरा. जन्म आणि वाढ अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यांत. मराठी चांगलें बोलतो, वाचतांना मात्र जोडाक्षरापाशीं अडखळतो. त्यास आमच्याकडे धाडण्याचें कारण पुतण्यानें पत्रांत कळविलें होतें : "काका, हा शेजाऱ्याबरोबर शिकारीस जाऊं लागला आहे. बंदूक अजून हातीं धरलेली नाहीं, पण येत्या वसंतांत धरीन म्हणतो. हिची झोप उडाली आहे. आमचें तो ऐकत नाहीं. तुम्ही दोन शब्द सांगावे."

दोन शब्द सांगणें हाच आमचा जन्मभराचा व्यवसाय. तेव्हां अहिंसेवर एक नीटस व्याख्यान आम्ही मनांत जुळवून ठेविलें, आणि योग्य वेळेची वाट पाहत बसलों. तें व्याख्यान तसेंच राहिलें.

तिसऱ्या दिवशीं मुलानें पिशवींतून फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु काढून आमच्यापुढें धरली. वीतभर लांबीची, जुन्या हस्तिदंतासारखी पिवळट नळी. एका टोंकास बोरूएवढी बारीक, दुसऱ्या टोंकास अंगठ्याएवढी जाड. तीन हाडें एकांत एक बसवून सांधे दोऱ्यानें आवळलेले. हीं रानटी टर्कीच्या मादीच्या पंखाचीं हाडें. पक्ष्याच्या पंखाच्या मधल्या भागांत दोन हाडें जोडीनें असतात. त्यांतलें बारीक तें ओठांत धरावयाचें, जाड तें त्याच्या पुढें जोडावयाचें, आणि खांद्याजवळचें सर्वांत रुंद तें शेवटीं, कर्ण्यासारखें. हाडें उकळून, आंतला मगज काढून, घांसून स्वच्छ केलीं कीं नळी तयार. ही नळी शेजारच्या वृद्धानें स्वतः केलेली. तिच्यांतून मादीची हाक काढतां येते, आणि ती ऐकून नर रानांतून चालत येतो.

"हाडूक? आणि तें देवघराच्या भिंतीस टेकून?" आंतून आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें.

"आजी, देवघरांत शंख आहे तो कशाचा?"

"शंख तो शंखच."

प्रश्न अगदींच पोरकट नव्हता. शंख हें प्राण्याचेंच कवच. पण शास्त्रानें त्यास पवित्र मानिलें, आणि हाडास मानिलें नाहीं. आम्हांस मध्यस्थ नेमण्यांत आलें. आम्हीं शंखाच्या बाजूनें निकाल दिला. हाडास ओसरीवरचा कोनाडा मिळाला.

टर्की म्हणजे मोर, कोंबडा, तितर यांच्याच कुळांतला पक्षी, मूळचा अमेरिका खंडाचा. इंग्रजांनीं त्यास तुर्कस्तानचा समजून 'टर्की' म्हटलें. तुर्क त्यास 'हिंदी' म्हणतात. पोर्तुगीजांचा तो 'पेरू'. प्रत्येकानें त्यास आपल्यापासून दूरचें गांव देऊन टाकलें, त्याचें गांव त्यास कोणी विचारलें नाहीं. आमच्या देशांत तो प्रथम गोंव्याच्या बंदरांतून आला असें दिसतें. १६१२ सालीं मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोंव्याहून कांहीं अपूर्व वस्तु आणि पशुपक्षी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यांत हा होता. बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत त्याच्या डोक्याच्या व गळ्याच्या बदलत्या रंगांचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे. आणि उस्ताद मन्सूरनें काढलेलें त्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्या दरबारांत त्यास हांक मारावयास मात्र कोणी शिकल्याचें वाचनांत नाहीं.

आम्ही शिकावयाचें ठरविलें. मुलगा आपल्याशीं मोकळेपणानें बोलावा म्हणून आरंभ केला, हें कबूल केलेलें बरें. पण शिकवितां शिकवितां विद्यार्थी होण्याचा प्रसंग आमच्या वयास क्वचित् येतो, आणि आला कीं सोडवत नाहीं. हाड ओठांस लावणें आमच्यानें होईना. यास संस्कार म्हणा अगर भ्याडपणा म्हणा. तेव्हां दौतीशेजारीं कित्येक वर्षें निकामी पडलेला एक बोरू आणि कुंपणाच्या वेळूच्या दोन कांड्या घेऊन आम्हीं हाडाच्या मापानें दुसरी नळी केली. मुलगा म्हणाला, तिकडेहि नदीकांठच्या वेळूची अशी नळी करणारे लोक आहेत. बोरूनें आजवर पुष्कळ मुलांचें अक्षर वळविलें. आतां तो आमचे ओठ वळवूं लागला.

आणि ओठ वळेनात. आमच्या भाषेचे सारे वर्ण बाहेर जाणाऱ्या श्वासावर उभे आहेत. उरांतून उठणारा वायु कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ या स्थानांवर आपटून अक्षर होतो, हें आम्हीं मुलांस आयुष्यभर शिकविलें. ही नळी फुंकावयाची नाहींच, ती ओढावयाची. योगाभ्यासी लोकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर वाणी सगळी रेचकाची, ही हाक पूरकाची. ओठ आवळून टोंकावर ठेवावे आणि तान्ह्या मुलाचा मुका घ्यावा तसा लहानसा, झटक्याचा श्वास आंत घ्यावा. दुसऱ्या टोंकाभोंवतीं दोन्ही हातांची ओंजळ असते. ती मिटली कीं आवाज दबतो, उघडली कीं दूर जातो. ऐकावयास सोपें. पहिले आठ दिवस आमच्या नळींतून कोरड्या रहाटासारखा आवाज येत होता, आणि माळ्यावर मांजर अडकलें आहे का म्हणून शेजारची मुलगी दोनदां विचारून गेली. पंधराव्या दिवशीं अवचित 'क्याँव्' असा एक गोल, किंचित् फुटका स्वर उमटला. गुरु सतरा वर्षांचा, त्यानें कान देऊन ऐकलें आणि म्हणाला, "आजोबा, मादी झाली. पण आजारी आहे."

स्वर जमणें ही पहिली पायरी. खरी विद्या पुढें आहे. निसर्गाचा क्रम असा कीं वसंतांत नर गर्जतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीच्या आवाजानें नरास आपल्याकडे बोलावितो, म्हणजे क्रमच उलटा करितो. तरुण नर फसतो. जुना नर पन्नास पावलांवर थांबतो, पंख फुलवितो, आणि मादीनें यावें म्हणून वाट पाहतो. तेथें जो अधीर होऊन पुन्हा पुन्हा हांक मारतो त्याच्या हातून पक्षी जातो. शेजाऱ्यानें मुलास सांगितलें होतें, तीनदां बोलाव आणि मग गप्प बैस. तुझें गप्प बसणें त्यास ओढून आणील. मौनाविषयीं आम्हीं शाळेंत पुष्कळ सांगितलें आहे, परंतु कारण इतकें नेमकें कधीं सांगतां आलें नव्हतें.

ओसरीवरचा हा अभ्यास पलीकडच्या बंगल्याचा राखणदार रोज ऐकत असे. तो मूळचा अकोल्याकडचा फासेपारधी. वय आमच्याहून दहा वर्षांनीं अधिक. एक दिवस कुंपणापाशीं येऊन उभा राहिला.

"मास्तर, हे कोन्तं पाखरू हाय?"

"अमेरिकेंतलें आहे, दादा."

"मंग त्याले इथं कायले बलावता? तिकिटाचे पैशे कोन देईन?"

मग त्यानें हाडाची नळी मागून घेतली, उलटसुलट पाहिली, छिद्रांतून आकाश पाहिलें, आणि मुलास हांक काढावयास सांगितली. ऐकून म्हणाला, "सूर बरा हाय. पन दम धरत नाही पोरगं. पाखरू इचार करते, त्याले येळ द्या लागते." पेनसिल्व्हेनियाच्या वृद्धानें सांगितलें तेंच. मुलगा त्याच्याकडे पाहतच राहिला.

फासेपारध्यांविषयीं रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत बरीच माहिती आहे. लांब दोरीस बांधलेले हरणांचे फास, बैलाच्या आडून सावजाजवळ सरकणारे 'गायके', अशा त्यांच्या शाखा तींत सांगितल्या आहेत. घरांत ते बोलतात ती भाषा गुजरातीच्या कुळांतली. तितर-लाव्ह्यांसाठीं घोड्याच्या शेपटीच्या केंसांचे बारीक फास असत; आणि पुष्कळ प्रांतांत चाले तसा पाळीव तितर पिंजऱ्यांत ठेवून त्याच्या आरवण्यानें रानचे तितर ओढण्याचा प्रकारहि असे. तितराच्या नरास आपल्या हद्दींत दुसरा नर खपत नाहीं. तो भांडावयास धांवून येतो आणि पिंजऱ्याभोंवतींच्या फासांत पाय घालतो. आमच्या राखणदाराच्या घराण्यास पिंजऱ्याचीहि गरज नव्हती. "हाडूक कायले पाह्यजे? तोंड हाये ना," इतकेंच तो म्हणाला.

श्रावणांतल्या एका उघडलेल्या सकाळीं तो आम्हां दोघांस गांवाबाहेरच्या एका पडीक, गवताळ उतारावर घेऊन गेला. व्याघ्रप्रकल्पाची हद्द तेथून दूर होती. तेवढी चौकशी आम्हीं आधीं करून घेतली होती. पावसाळ्यांत या डोंगरांत चित्रित तितर आरवतो. तोंड तांबूस, अंगभर काळ्यावर पांढरे ठिपके, आणि बसावयास दगड किंवा वारूळ. करवंदीच्या जाळीआड आम्ही तिघे बसलों. म्हाताऱ्यानें ओंजळ तोंडापुढें धरली आणि एक करकरीत, तीन तुकड्यांचा आवाज काढला. आम्ही त्याच्या गुडघ्यास गुडघा लावून बसलों होतों, तरी तो आवाज त्याच्यापासून निघाला असें वाटेना.

उत्तर नाहीं. त्यानें दुसऱ्यानें हांक दिली, आणि मग तो स्वस्थ बसला. किती वेळ गेला तें सांगतां येत नाहीं. मुलाच्या कपाळावर माशी बसली होती आणि ती त्यानें हांकलली नाहीं. मग उताराच्या खालच्या अंगानें उत्तर आलें. पुन्हा आलें, जवळून. म्हाताऱ्यानें केवळ घशांतल्या घशांत एक बारीक शब्द केला, आणि गवत हललें.

तितर समोरच्या वारुळावर चढला. मान ताठ, पिसें अंगास चापून बसलेलीं. दहा हातांचें अंतर असेल. ज्यास हांकलावयाचें तो शत्रु त्यास कोठेंच दिसेना. तो गर्रकन् फिरला, पुन्हा फिरला, वारुळावरून उतरून आमच्या जाळीपर्यंत आला, आणि तेथें उभा राहून त्यानें सगळ्या छातीनिशीं हांक दिली. इतक्या जवळून ती हांक आम्हीं कधीं ऐकली नव्हती. तिच्यांत अविश्वासाचा लेशहि नव्हता.

म्हाताऱ्यानें हात लांब केला आणि पक्ष्याच्या पुढच्या गवतांत, वीतभर अंतरावर, भुईवर बोट ठेविलें. "फास इथं असता," तो कुजबुजला. पक्षी उडाला.

परततांना कोणी बोललें नाहीं. कुंपणापाशीं आल्यावर म्हातारा स्वतःशींच बोलल्यासारखा म्हणाला, "बलावलं आन् धरलं नाही, असं आज पयल्यांदाच."

रात्रीं जेवण झाल्यावर मुलानें विचारलें, "आजोबा, पाप कोणाचें? हांक मारणाऱ्याचें, कीं धरणाऱ्याचें?" ज्या व्याख्यानासाठीं आम्ही महिनाभर थांबलों होतों त्याची वेळ हीच, आणि व्याख्यानाचा एक शब्दहि आठवेना. आम्हीं त्यास तित्तिरजातकाची कथा सांगितली. एका पारध्यानें पाळलेला तितर आरवला कीं रानचे तितर येत आणि मरत. त्यास वाटे, माझ्यामुळें हे माझे भाऊबंद मरतात. म्हणून तो गप्प बसूं लागला, तर पारधी त्याच्या डोक्यावर काठी मारी, आणि मार लागला कीं तो ओरडे. शेवटीं त्यानें एका तापसास विचारलें, हें पाप माझें का? तापस म्हणाला, ज्याच्या मनांत हिंसा नाहीं त्यास कर्म चिकटत नाहीं.

"पण तो पिंजऱ्यांत होता. आपण नव्हतों," मुलगा म्हणाला.

याचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें. मग त्यानेंच आपला पक्ष मांडला, आणि तो पोकळ नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्याकडच्या पुष्कळ राज्यांतून रानटी टर्की नाहींशी झाली होती, ती अमर्याद शिकारीनें व जंगलतोडीनें. १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांकडे वळविण्यांत आला. उरल्या रानांतले पक्षी जाळ्यानें धरून ओसाड रानांत सोडले गेले. आज ती पुन्हा सर्वत्र आहे. वसंतांत मारावयाचा तो बहुधा नरच, आणि तोहि परवान्यांत लिहिला असेल तेवढाच. हें ऐकून आम्हांस आमचे मीमांसक आठवले. श्रौतकर्मांत 'कपिंजल' म्हणजे तितर अर्पण करण्याचें विधान बहुवचनीं आहे; किती, तें सांगितलेलें नाहीं. मीमांसकांनीं निर्णय दिला : बहुवचन तीनानें पुरें होतें, म्हणून तीन, त्याहून अधिक मारण्यास आधार नाहीं. जेथें वचनाचा अर्थ हजारहि करतां आला असता तेथें त्यांनीं लहानांत लहान संख्या उचलली. मुलास हें फार आवडलें. त्याच्या वसंतांतल्या बंदुकीस आपण आधार तर देत नाहीं ना, ही शंका आम्हांस उशिरा आली.

फळीवरचें कॉर्बेटचें पुस्तक त्यानें त्याच रात्रीं वाचावयास घेतलें. १९३८ च्या नोव्हेंबरांत ठाक गांवच्या नरभक्षक वाघिणीस कॉर्बेटनें वाघाच्या आवाजानें हांक मारून जवळ आणिलें आणि मारलें. ती जोडीदार शोधीत होती. तिनें माणसें खाल्लीं होतीं हें खरें, आणि ती ज्या हांकेवर आली ती खोटी होती हेंहि खरें.

आमच्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यांत 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येंत केवळ मारणें नाहीं. धरणें, फास लावणें, हांकणें, आमिष दाखविणें, आणि यांपैकीं कशाचाहि प्रयत्न करणें हें सारें आलें आहे. व्याख्या करणाऱ्याचें आम्हांस कौतुक वाटतें, आणि हा कायदा नसता तर तो वारुळावरचा तितरहि कदाचित् नसता. परंतु कुंपणापलीकडच्या माणसाकडे पाहिलें कीं ती व्याख्या वाचवत नाहीं. इंग्रजांनीं १८७१ च्या कायद्यानें अनेक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. पुढें पारध्यांच्याहि कांहीं शाखा त्यांत आल्या. तो कलंक कागदावरून १९५२ सालीं पुसला गेला, आणि वीस वर्षांनीं त्यांचा धंदाच गुन्हा झाला. मधल्या काळांत गवताळ पडीत जमिनी नांगराखालीं गेल्या. तितर-तणमोरांचें घर फासानें मोडलें त्याहून अधिक त्या नांगरानें मोडलें. अलीकडे अकोला-वाशीम भागांतल्या कांहीं फासेपारधी वस्त्यांनीं गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचें काम हातीं घेतलें आहे. अमरावती जिल्ह्यांत मंगरूळ चव्हाळा येथें मतीन भोसले यांनीं २०१२ सालीं पारध्यांच्या मुलांसाठीं 'प्रश्नचिन्ह' ही शाळा काढली. शाळा निघाली याचा आम्हां मास्तरांस आनंद आहे. आमच्या राखणदाराचा नातूहि एका शाळेंत शिकतो. आजाच्या तोंडची हांक त्यास येत नाहीं, आणि ती शिकवावी असें आजासहि वाटत नाहीं.

ही विद्या सर्वस्वीं निरुपयोगी झाली असेंहि नाहीं. रानपिंगळा १८८४ नंतर कोणास दिसला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरांत तो शहाद्याजवळ पुन्हा सांपडला, आणि पुढें आमच्या मेळघाटांतहि. त्याची पाहणी करतांना अभ्यासकांनीं ध्वनिमुद्रित हांक रानांत ऐकविली आणि उत्तराची वाट पाहिली. पारध्याचीच युक्ति, फास तेवढा नाहीं. आणि ती किती जुनी म्हणावी? इस्रायलच्या उत्तरेस एनान-मल्लाहा येथें पाणपक्ष्यांच्या पंखांच्या हाडांच्या सुमारें बारा हजार वर्षांपूर्वींच्या सात नळ्या सांपडल्या. लहान शिकारी पक्ष्यांच्या हाकेसारखा स्वर त्यांतून निघतो, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्या पक्षी धरावयास केल्या कीं गाण्यासाठीं, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. मुलास हें दाखविलें तेव्हां तो म्हणाला, नुसतें बोलवावयासाठीं केल्या असतील.

भाद्रपद लागण्यापूर्वीं तो परत गेला. जातांना त्यानें बोरूची नळी मागून नेली व हाडाची येथें ठेविली. ती कोनाड्यांत आहे. परवां दुपारीं ओसरीवरून एक मोठा अशक्त 'क्याँव्' ऐकूं आला. जाऊन पाहतों तों सौभाग्यवती पदरानें नळी पुशीत होत्या. धूळ फार बसते, म्हणाल्या.

पुतण्यानें विचारलें आहे, काका, तुम्हीं त्यास काय सांगितलें? त्याचें उत्तर अजून लिहून झालेलें नाहीं. मुलाचेंहि पत्र आलें आहे, मराठींत, चार चुका. वसंतांत शेजाऱ्याबरोबर जाणार आहें, पहांटे झाडाखालीं बसणार आहें, बोरूच्या नळीनें तीनदां बोलावणार आहें, असें लिहितो. बंदुकीविषयीं पत्रांत कांहींच नाहीं, आणि आम्हींहि विचारलेलें नाहीं.